वापसीच्या केळीपासून प्लॅस्टिक

रावेर तालुक्यातल्या या बागेत सकाळपासून कापणी चालू आहे. घड खांद्यावरून बांधापर्यंत येतात, फण्या सुटतात, आणि व्यापाऱ्याने नाकारलेली वापसीची केळी कडेला साचत जातात. घडावरून काढलेली प्लॅस्टिकची पिशवी त्यांच्या शेजारीच पडते; केळी चार दिवसांत कुजतील, पिशवी पुढच्या मृगबागेलाही इथेच सापडेल.

तीच टाकाऊ केळी जळगावच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उकळून, गाळून घेतली जातात. गाळलेले गोड पाणी १२१ अंशांवर निर्जंतुक होते, ३० अंशांपर्यंत निवते, आणि मग त्यात बॅसिलस मेगाटेरियम या मातीतल्या जीवाणूचे विरजण सोडले जाते. काचेच्या किण्वनपात्रात खालून हवेचे बुडबुडे उठतात आणि काही तासांत पाणी गढुळते.

खरे कौशल्य इथून पुढे आहे. नत्र कमी पडले की बाग पिवळी पडते, हे केळी उत्पादकाला सांगावे लागत नाही. इथे मात्र नत्र मुद्दाम तोडले जाते आणि साखर भरपूर ठेवली जाते. वाढ खुंटलेला जीवाणू उरलेली साखर वाया घालवत नाही, कणगीत धान्य भरावे तसा तिचा साठा तो पेशीत करतो. सुदान ब्लॅकने रंगवलेल्या या काचपट्टीवर गुलाबी पेशींच्या पोटातले काळसर निळे दाणे पाहा. हेच जीवाणूने बनवलेले, मातीत कुजणारे प्लॅस्टिक: पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजेच पीएचबी. याच जीवाणूत ते मॉरिस लेमॉइन्य यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९२६ च्या सुमारास ओळखले होते, आणि काही जीवाणूंमध्ये ते कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंतही साठते.

पेशी वेगाने फिरवून तळाशी बसवतात, हायपोक्लोराइटने फोडतात, आणि उरलेली पांढरी भुकटी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेच्या बशीत पसरतात. द्रावक उडून गेल्यावर चिमट्याने कड उचलली जाते आणि दुधाच्या सायीसारखा पापुद्रा अखंड सुटून येतो. या एका दृश्यासाठी आम्ही दोन दिवस थांबलो आणि ते थांबणे सार्थकी लागले. पीएचबी सुमारे १७५ अंशांवर वितळते, म्हणून साच्यातही ओतता येते. नुसते वापरले तर ते ठिसूळ असते आणि खनिज तेलाच्या प्लॅस्टिकपेक्षा अजून महाग पडते.

त्याच पापुद्र्याची एक पट्टी आम्ही रावेरच्या बागेत, ठिबकच्या नळीजवळच्या ओल्या मातीत पुरली होती. काही आठवड्यांनी खुरप्याने माती बाजूला केली, तेव्हा तिच्या कडा विरून गेल्या होत्या आणि मधल्या भागाला बारीक भोके पडली होती.