हस्की निघाला बागेत

(छोटा हत्ती बांधाशी थांबतो. दोन फळ्या लावल्या जातात.)

दिंडोरी तालुका. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला आठवडा झालाय, वेलींवर अजून पान नाही. फळ्यांवरून उतरतोय तो हस्की, चार चाकांचा रोबो. मूळ कॅनडाचा. वजन ५० किलो, पाठीवर ७५ किलोपर्यंत ओझं, वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. नाशिकच्या विद्यापीठात आल्यापासून यानं लॅबची फरशीच जास्त पाहिली. विद्यार्थी मुलं मागे लागली, म्हणून आज बागेत.

चाकांखाली येऊ नयेत म्हणून ठिबकच्या नळ्या वर तारेला बांधल्यात. हे बागवाल्या काकांना सुचलं, लॅबमध्ये कुणालाच नाही.

हस्कीला स्टिअरिंग नसतं. एका बाजूची चाकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे, असा तो घसटत वळतो. आणि काल रात्री इथे पाऊस झालाय.

(चाकं. चिखल. आवाज तसाच ठेवावा.)

गडी जागचा हलत नाहीये. लॅपटॉपवरचा बाण मात्र मजेत पुढे चाललाय! चाकं किती फिरली यावरून हस्की अंतर मोजतो, आणि चाकं तर फिरतायतच. म्हणून जोडीला वळणं मोजणारा जायरोस्कोप आणि जीपीएस. तिघांचं म्हणणं ताडून पाहायचं, ज्याचा भरवसा कमी त्याचं कमी ऐकायचं. हे काम कालमन फिल्टरचं. १९६० सालचं गणित, अपोलो यानांनीही वापरलेलं. आज ते बांधावर, गोणपाटावर बसून जुळवलं जातंय.

साधा जीपीएस काही मीटरनं चुकतो. इथे दोन ओळींत अंतर नऊ फूट, म्हणजे चुकला की वेलीवरच. त्यासाठी ट्रायपॉडवर हा दुसरा अँटेना. तो एका जागी उभा असल्यामुळे उपग्रहांच्या सिग्नलमधली चूक त्याला कळते, आणि रेडिओवरून तो ती रोबोला कळवतो. हे आरटीके. चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते.

(जानेवारी. धुकं.)

तीच ओळ. मांडव पानांनी गच्च, घडांना पेपर लावलेत. वरचं आभाळ झाकलं आणि आरटीके गेलं. आता भिस्त लायडारवर. तो चहूकडे लेसर फिरवतो, दोन्हीकडची खोडं नि खांब हेरतो आणि मधून वाट काढतो. उद्या पाठीवर फवारणीचा पंप बसला, तर माणसाच्या नाकातोंडात औषध कमी जाईल. मजुरीचं काय, तो विषय वेगळा.

(हस्की थांबतो.)

समोर भिंत नाही, खांब नाही. एक काडी खाली लोंबलीये, टोकाला तीन पानं. लायडारच्या लेखी तोही अडथळाच. मुलं लॅपटॉपवर आकडे बदलायला बसतात.

"अरे, पान आहे ते, जा की!" काका त्यालाच सांगतात. मग पुढे होऊन काडी तारेत अडकवतात.

हस्की निघतो.