पान उलटून पाहा

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे सोयाबीन घेणाऱ्यांना तांबेरा नवा नाही. शेंगा धरलेल्या असतात, रान हिरवंगार असतं, आणि बघता बघता पानं पिवळी पडून गळायला लागतात. दाणा बारीक राहतो. मग आपण म्हणतो, 'एका रात्रीत तांबेरा आला.' तो एका रात्रीत येत नाही, आज मला तेवढंच नीट सांगायचं आहे.

तांबेरा हा बुरशीचा रोग आहे आणि ही बुरशी वाऱ्यावरून येते. तिचा डोळ्यांना न दिसणारा बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, पानावर पडला की त्याला ओल हवी, पावसाची नाहीतर दवाची. पान सहा तास ओलं राहिलं आणि हवा 15 ते 28 अंशांच्या आसपास असली, की तो रुजतो. त्यातून नळी फुटते, तिचं टोक फुगून पानाला चिकटतं. गव्हावरचा तांबेरा पानाच्या श्वासरंध्रातून आत जातो. हा मात्र सरळ वरच्या पेशीची भिंत भेदून शिरतो. आत गेल्यावर तो पानाला लगेच मारत नाही, कारण जिवंत पानावरच त्याचं पोट भरतं. म्हणून आठवडाभर आपल्याला काहीच दिसत नाही.

साधारण नवव्या-दहाव्या दिवशी पानाच्या मागच्या बाजूला बारीक फोड येतात. प्रत्येकाच्या शेंड्याला छिद्र असतं आणि त्यातून बीजाणूंची भुकटी बाहेर पडते. एकेक फोड सुमारे तीन आठवडे भुकटी सोडत राहतो. ती वाऱ्यावर जाते, दुसऱ्या पानावर बसते, की पुन्हा नऊ-दहा दिवसांचा फेरा. पिकाच्या हयातीत असे कितीतरी फेरे होतात. नावात तांबं असलं तरी ताजी भुकटी फिकट असते, तांबूस-तपकिरी दिसतो तो पानावरचा डाग. लाल रंगाची वाट बघत बसू नका.

सुरुवात खालच्या पानांवर होते, तिथे सावली आणि ओल टिकते. फुलोऱ्यापासून दर तीन-चार दिवसांनी रानात आत शिरा, खालचं पान उलटा आणि भिंगातून बघा. शंका वाटली तर पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. तांबेरा असेल तर सकाळी फोडांवर भुकटी दिसेल. मग थांबू नका. हेक्साकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला 1 मिली घेऊन फवारा, पण खालची पानं भिजली पाहिजेत. वरवरच्या फवाऱ्याने पैसे जातात, रोग राहतो.

बियाणं निवडताना कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे फुले संगम, फुले किमया हे वाण बघा, ते तांबेऱ्याला बऱ्यापैकी तग धरतात.

आणि उन्हाळी सोयाबीन. जिवंत पान नसेल तर ही बुरशी टिकत नाही. ब्राझीलमध्ये म्हणूनच दरवर्षी ठरावीक काळ रानात सोयाबीनचं एकही झाड ठेवायला बंदी असते. आपल्याकडे खरिपातला तांबेरा उन्हाळी पिकावर मुक्काम करतो आणि पावसाळ्यात परत येतो. तुमच्या शिवारात उन्हाळी सोयाबीन उभं असेल, तर खरिपात पानं बघायची तुमची पहिली फेरी त्याच्या शेजारच्या बांधापासून सुरू करा.

नमस्कार.