वाचायला शिकवायचं कुणी?

(वसंत व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'माध्यमिक शाळेतलं इंग्रजी आणि साक्षरता' असा भारदस्त छापलाय. तो वाचूनही एवढ्या उकाड्यात तुम्ही आलात, म्हणजे निम्मे निवृत्त शिक्षक असणार आणि उरलेल्यांना त्यांनी धरून आणलं असणार. (हशा)

दहावीची इंग्रजीची कृतिपत्रिका तुमच्या घरात कधी ना कधी आली असेल. 80 लेखी, 20 शाळेच्या हातात. उतारा, त्याखाली ए-वन ते ए-फाइव्ह अशा पाच कृती, म्हणजे प्रश्नच. आम्ही वर्षानुवर्षं मुलांना एकच युक्ती दिली. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडका, ते वाक्य उचला, उत्तरात आणून ठेवा. मार्क पडतात. पालक खूश, निकाल खूश.

हे कुठवर चालतं ते बघायचं म्हणून एकदा नववीच्या फळ्यावर मी लिहिलं, 'द बोर्गल मिफ्टेड अ टॉली झँक निअर द प्लून.' शब्दकोश उघडू नका, बोर्गल मीच मधल्या सुट्टीत चहा पिताना जन्माला घातला होता. विचारलं, 'हू मिफ्टेड द झँक?' वर्गभर हात वर. 'द बोर्गल, सर!' 'व्हेअर?' 'निअर द प्लून!' 'व्हॉट काइंड ऑफ झँक?' 'टॉली!' पैकीच्या पैकी! बोर्गल म्हणजे काय हो सर, असं एकाही पोरानं विचारलं नाही. नेमके त्या दिवशी तपासणीचे साहेब मागच्या बाकावर. जाताना शेरा लिहून गेले, 'प्रतिसाद उत्तम, आकलन समाधानकारक.' (हशा) हसा, हसा. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर मराठीच्या बाई म्हणाल्या, 'आमच्याकडेही तेच आहे सर, फक्त आमचा बोर्गल शुद्ध मराठी बोलतो.'

जाता जाता सांगतो. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा केवढा गदारोळ! कुणी म्हणे मराठी बुडाली, कुणी म्हणे पोरं आता विलायतेला निघाली. भांडण सगळं कितवीपासून याचं. तासाला नेमकं करायचं काय, यावर कुणी हमरीतुमरीवर आल्याचं मला तरी आठवत नाही. आणि शिक्षकांची ती प्रशिक्षणं... नको, अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. 'पाच मिनिटं.' बोर्गलनं वेळ खाल्ला. मुद्दा पळत सांगतो.

'असर' म्हणजे मुलांना वाचन-गणित किती येतं ते घरोघरी जाऊन बघणारी 'प्रथम' संस्थेची पाहणी. तिच्या 2023 च्या फेरीत ग्रामीण भागातली 14 ते 18 वयाची मुलं होती. चौघांतल्या एकाला स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. इंग्रजी वाक्यं वाचता आली 57 टक्क्यांना, आणि त्यांतल्याही साधारण चौथ्या हिश्शाला अर्थ सांगता आला नाही.

आता सेमी-इंग्रजी बघा. गणित, विज्ञान इंग्रजीतून. आमच्या तासाला वाक्य उचलून भागतं, भिंगाच्या नाभीय अंतराच्या गणिताला भागत नाही. विज्ञानाचे सर म्हणतात, वाचायला इंग्रजीवाल्यांनी शिकवावं. आम्ही म्हणतो, ते पुस्तक आमचं नाही. इंग्लंडात शाळांतल्या भाषाशिक्षणासाठी सरकारनं नेमलेल्या बुलक समितीनं 1975 लाच सांगून टाकलं की भाषेची जबाबदारी प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची. आपल्याकडे 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो वर पाठवले जातात आणि 16 तारखेला ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप!

माझी मागणी एवढीच. आठवीपासून आठवड्यातला इंग्रजीचा एक तास विज्ञानाच्या पुस्तकाला द्या. दोन्ही शिक्षक वर्गात हवेत. मुलानं एक परिच्छेद मनात वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते मराठीत सांगायचं. हो, मराठीतच! अडला तर कळतं, गाडी इंग्रजीत रुतलीय, विज्ञानात, की मराठीतच. त्याला मार्क नकोत. मार्क आले की त्याचंही गाईड निघेल.

तास आणायचा कुठून? सराव परीक्षांची जी रांग लागते, तिच्यातली एक गाळा. अध्यक्ष उभे राहिलेत. ते स्वतः मुख्याध्यापक होते, तेव्हा कुठली परीक्षा गाळायची ते आधी त्यांनाच विचारू.