निळी राहिलेली गाठ

(दृश्य : पॅथॉलॉजी लॅब. मेणाच्या ठोकळ्यातून सुटलेला पातळ काप पाण्यावर तरंगतो आहे.)

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, की घरचे डॉक्टरांना एकच विचारतात : आजार पुन्हा उलटेल का?

गाठ भिंतीत किती खोल गेली, लिम्फ नोडपर्यंत पोचली का, यावरून स्टेज ठरते. पण स्टेज एकच असूनही एक रुग्ण पुढे वर्षानुवर्षं धडधाकट राहतो आणि दुसऱ्याचा आजार दोन वर्षांत यकृतात दिसतो. हा फरक गाठीतल्या प्रथिनांतही शोधावा लागतो.

१९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या गाठीत एक प्रथिन सापडलं. ते गर्भाच्या आतड्यातही असतं, जन्मानंतर जवळजवळ बंद होतं. हेच सीईए. आज ते रक्तात मोजतात. ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात आकडा खाली यायला हवा. उतरून पुन्हा चढू लागला, तर स्कॅनला उशीर करू नये. मात्र सिगारेट ओढणाऱ्यांत तो एरवीही वाढलेला असतो आणि काही गाठी हे प्रथिन सोडतच नाहीत. म्हणून निरोगी माणसानं ‘कॅन्सर आहे का बघू’ म्हणून ही तपासणी करू नये.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली निळे आणि तपकिरी ठिपके.)

आता ही स्लाइड बघा. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ : डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारी ही चार प्रथिनं. प्रत्येकासाठी वेगळा काप, आणि ते प्रथिन ओळखून त्यालाच चिकटणारी वेगळी अँटिबॉडी. प्रथिन असेल तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी, नसेल तिथे निळं. या कापावर एमएसएच२ तपासलंय, आणि गाठीची सगळी केंद्रकं निळी आहेत. मधेमधे मात्र बारीक, गोल, तपकिरी ठिपके दिसतात. त्या रुग्णाच्याच निरोगी लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. त्या रंगल्यात, म्हणजे रसायनानं काम केलंय. गाठीत प्रथिन खरोखरच नाही. त्याही निळ्याच राहिल्या असत्या, तर तपासणी पुन्हा करावी लागली असती.

दुरुस्ती बंद पडलेल्या अशा गाठी शंभरात साधारण पंधरा. त्यांच्यात चुका साठतात, विचित्र प्रथिनं तयार होतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना हेरते. दुसऱ्या स्टेजला अशा रुग्णांचा आजार कमी वेळा उलटतो आणि फ्लुओरोयुरॅसिल या एकट्या औषधाच्या केमोचा त्यांना फायदा दिसत नाही. तपासणी न करताच ती सुरू केली, तर जुलाब, तोंड येणं, गळून जाणं, सगळं उगाच सोसावं लागतं. रिपोर्टमध्ये या चार प्रथिनांची ओळ नसेल तर जरूर विचारा.

चौथ्या स्टेजला याच गाठी पूर्वी जास्त जड जायच्या. प्रतिकारशक्तीला गाठीशी लढायला लावणाऱ्या उपचारानं, इम्युनोथेरपीनं, ते बदललं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर रुग्णालयानं मलाशयाच्या अशाच, पण शरीरात न पसरलेल्या गाठींवरचे निष्कर्ष मांडले. सहा महिने डोस्टार्लिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घेतलेल्या पहिल्या बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली होती. तोवर कुणालाच ऑपरेशन लागलं नव्हतं, रेडिएशनही नाही.

या स्लाइडवर एमएसएच२ नाही, म्हणून आता रुग्णाच्या रक्तातून जनुकीय तपासणी होईल. लिंच सिंड्रोम, म्हणजे या दुरुस्तीच्या जनुकातला घराण्यात चालत येणारा दोष, निघाला तर भावंडांची आणि मुलांचीही. ज्यांच्यात तो दोष सापडेल, त्यांची विशी-पंचविशीपासूनच दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी.