पीएच.डी.चा अर्ज आणि कडेवरचं मूल

[दृश्य : लॅपटॉपवर उघडलेला नेट परीक्षेचा अर्ज. पहिला रकाना कोरा. शेजारी पाळण्याची दोरी.]

उमेदवाराचं नाव. अर्जातला हा पहिलाच रकाना, आणि पुष्कळ आयांचा अर्ज इथेच अडकतो.

दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. आधार कार्डावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पॅनवर मधलं नावच नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं गेलं असेल, तर पहिलं नावही वेगळं. घरात याची कोणाला अडचण होत नाही. अर्ज भरताना मात्र एका बाईच्या तीन बायका होतात.

नेटच्या, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, अर्जात नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या कागदाप्रमाणे मागतात. परीक्षेच्या दिवशी मात्र दारावर ओळखपत्र बघतात, आणि ते बहुतेकींचं आधारच असतं. या दोन नावांना जोडणारा कागद आधीच हातात हवा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा त्यातला पहिला कागद. लग्न लागलं, फोटो निघाले, पण नोंदणी राहिली, असं आजही सर्रास दिसतं, त्यामुळे आधी ती नोंदणी करून घ्या. पहिलं नावच बदललं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण प्रसिद्धीला वेळ लागतो. अर्जाची खिडकी उघडल्यावर धावपळ करून हे जमत नाही.

आमचं स्पष्ट मत असं, की पदवी ज्या नावावर आहे तेच नाव संशोधनातही ठेवावं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. शोधनिबंध, पीएच.डी.चं नोंदणीपत्र, फेलोशिपचं (संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या रकमेचं) बँक खातं ही पुढची सगळी साखळी एकाच नावावर राहिली, तर दर वेळी प्रतिज्ञापत्र करत बसावं लागत नाही.

[दृश्य : सेतू केंद्राबाहेरची रांग. फायलीत जुना शाळा सोडल्याचा दाखला.]

आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणारीला आणखी एक गोष्ट माहीत हवी. लग्नानं जात बदलत नाही. नॉन-क्रीमी लेयर ठरवताना विवाहित स्त्रीच्या आईवडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. म्हणजे कागद माहेरचे लागतात, आणि बाळाला घेऊन माहेरच्या तालुक्याला एखाद-दोन खेपा होतात. बाळंतपणासाठी माहेरी असतानाच हे काम उरकलं तर फार बरं. वडिलांच्या उत्पन्नाचे पुरावे, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं त्याच घरात असतं. दाखल्यावरची मुदत मात्र नीट वाचा, कारण जातीचा दाखला कायमचा असतो, नॉन-क्रीमी लेयरचा तसा नसतो.

[दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. जून आणि डिसेंबरवर गोल.]

आता परीक्षेकडे. नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरच्या सत्रात. २०२४-२५ पासून पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही नेटचे गुण धरता येतात. निकालात तीन गट असतात : फेलोशिपसह पात्र, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी.साठी पात्र, आणि फक्त पीएच.डी.साठी पात्र. शेवटच्या दोन गटांत परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्याच्या लगतचीच परीक्षा म्हणून निवडायची. बाळ चार महिन्यांचं असताना नेट दिली आणि प्रवेश दोन वर्षांनी घ्यायचं ठरवलं, तर ती मेहनत वाया जाते. अनेक विद्यापीठं पेट, म्हणजे पीएच.डी.ची स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात, तेव्हा ज्या विद्यापीठात जायचं त्याची त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय अभ्यासाला लागू नका.

फेलोशिपसाठी वयाची मर्यादा ३० आहे. स्त्रियांना त्यात ५ वर्षांची सवलत मिळते. स्त्री म्हणून ५ आणि प्रवर्ग म्हणून आणखी ५ अशी बेरीज होत नाही, एकूण सवलत ५ वर्षांचीच. फेलोशिपची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पाळणाघराची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च या रकमेत बसतो का, याचा हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडावा. संशोधन म्हणजे निव्वळ खर्च, ही घरातली समजूत त्या हिशेबानं बदलते.

अभ्यासाचे तास रोजच्या हिशेबात मोजू नका, आठवड्याच्या हिशेबात मोजा. बाळाला ताप आला की दोन दिवस जातातच. आठवड्यातले पाच दिवस दीड-दीड तास, म्हणजे साडेसात तास. वीस आठवड्यांत १५० तास होतात. पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा, दुसरा १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा. म्हणून १५० पैकी ५० तास पहिल्याला आणि १०० तास दुसऱ्याला. पहिल्या पेपरला दहा घटक आहेत आणि साधारण प्रत्येकावर पाच प्रश्न येतात. एक घटक, त्याचे जुने पाच-दहा प्रश्न, एवढं बाळाच्या एका डुलकीत होतं. दुसऱ्या पेपरचं वाचन तसं तुकड्यांत होत नाही. त्यासाठी रविवारचे सलग दोन तास कोणीतरी मूल बाहेर घेऊन जायला हवं.

तयारी झालेल्या आयांचाही पेपर एका ठिकाणी बिघडतो, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. परीक्षा सलग १८० मिनिटांची असते आणि दोन पेपरांमध्ये सुट्टी नसते. वर्षभर वीस-वीस मिनिटांत अभ्यास करायची सवय झालेली असते, कान सतत पाळण्याकडे असतात. परीक्षेत तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाला मन आपोआप उठून जातं. उत्तरं येत असतात, पण बैठक राहिलेली नसते. ती पुन्हा घडवावी लागते. शेवटच्या सहा आठवड्यांत निदान चार वेळा पूर्ण तीन तास, घराबाहेर, वाचनालयात किंवा मैत्रिणीकडे बसून जुना पेपर सोडवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून दीडशेच्या दीडशे प्रश्न सोडवूनच उठायचं.

[दृश्य : फ्रीजच्या दारातल्या कप्प्यावरून कॅमेरा आतल्या, मागच्या कप्प्याकडे जातो. छोट्या झाकणाच्या डब्या. प्रत्येकीवर तारीख लिहिलेली चिकटपट्टी.]

बाळ अंगावर पीत असेल तर परीक्षेच्या दिवसाची तयारी पंधरा दिवस आधी सुरू होते. सकाळची पाळी ९ ते १२, दुपारची ३ ते ६. फाटक अर्धा तास आधी बंद होतं, पण तपासणीसाठी त्याच्या बरंच आधी पोचावं लागतं. केंद्र घराजवळ असलं तरी बाळापासून पाच तास दूर, हा हिशेब धरा.

पाच तासांत बाळाला दोनदा, फार तर तीनदा दूध लागेल. शेवटचे चार दिवस रोज ८० मिली काढून ठेवलं की ३२० मिली होतं. ते ६०-६० मिलीच्या भागांत ठेवावं, कारण बाळानं तोंड लावलेलं उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यावं लागतं. काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. जागा मागच्या बाजूला, दारातल्या कप्प्यात नाही, कारण दार उघडलं की तिथलं तापमान वरखाली होतं. बाहेर ते २५ अंशांपर्यंत चार तास राहतं, पण जूनमध्ये आपल्याकडच्या खोलीत २५ अंश कुठले! म्हणून प्रवासात बर्फाची पिशवी हवीच. गरम करताना भांडं कोमट पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये दूध कुठे कडकडीत, कुठे गार राहतं आणि बाळाची जीभ पोळते.

दुसऱ्याच्या हातून दूध पिण्याची सवयही आधी लावावी लागते. आई खोलीत असेल तर बाळ वाटीकडे बघतसुद्धा नाही, तिच्या वासानं तिच्याकडेच झेपावतं. म्हणून पंधरा दिवस आधीपासून एक वेळचं दूध आजी किंवा बाबा पाजतील आणि तेवढा वेळ आई घराबाहेर राहील. बाटली घेत नसेल तर वाटी-चमचा, नाहीतर घरातलं जुनं बोंडलं, उकळून घेतलेलं.

आईच्या अंगाचंही बघायला हवं. चार तासांनी छाती भरून दुखायला लागते आणि नेमका तोच दुसऱ्या पेपरचा शेवटचा तास असतो. फाटकात शिरण्याआधी गाडीत किंवा जवळच्या घरी बाळाला पाजून घ्या, सैल सुती कपडे आणि पॅड वापरा. मधे बाहेर जाता येतं, पण घड्याळ थांबत नाही.

आणि पर्यायी दिवस मनात ठेवा. १८ जून २०२४ ला झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि २१ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात पुन्हा घेतली गेली. बाळाला सांभाळायला येणाऱ्या माणसाला एकच तारीख देऊन चालत नाही.

[दृश्य : विद्यापीठाच्या ग्रंथालयाची पायरी. एक बाई बाबागाडी दुमडते आहे.]

मार्गदर्शक निवडताना सगळेजण त्यांचा विषय बघतात. आईनं त्यांचं निवृत्तीचं वर्षही बघावं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. चार वर्षं उरलेले मार्गदर्शक नियमात बसतात, पण मूल लहान असताना प्रबंधाला सहा-सात वर्षं लागू शकतात, आणि मग ऐन लेखनाच्या वेळी मार्गदर्शक बदलतो. जागाही मोजक्या असतात : प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी. भेटायला जाण्यापूर्वी जागा रिकामी आहे का ते विचारून घ्या, बाळासकट केलेली खेप वाचते.

विषयाचा आराखडा लिहिताना 'हे काम मी कुठे बसून करणार' हा प्रश्न आधी सोडवा. चार जिल्ह्यांत मुक्कामी क्षेत्रकार्य लागणारा विषय दोन वर्षांच्या मुलाला घेऊन रेटता येतो, पण त्याची किंमत आई आणि मूल दोघं मोजतात. तोच प्रश्न एका तालुक्यापुरता बांधला तर अभ्यास उलट खोल होतो. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात आणि शोधगंगोत्रीवर मंजूर झालेले आराखडे. आपल्या विषयाजवळचे पाच-सहा आराखडे वाचले की उद्दिष्टं किती असावीत, गृहीतक कसं मांडावं, हे कोणी न शिकवता कळतं.

'घरबसल्या पीएच.डी.' अशा जाहिराती अशाच काळात मोबाइलवर सारख्या दिसतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएच.डी. करायला यूजीसीची परवानगी नाही. अर्धवेळ करता येते. नोकरी असेल तर कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. पण अर्धवेळ म्हणजे घरबसल्या नव्हे, किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क (पहिल्या सत्रातला ठरावीक अभ्यासक्रम) पूर्ण करून त्यात ५५ टक्के मिळवावेच लागतात. मूल पाळणाघरात रुळवायचं ते या सत्राच्या आधी. दोन्ही गोष्टी एकाच सोमवारी सुरू केल्या तर पहिल्याच आठवड्यात आजारपणं येतात आणि हजेरी जाते.

मुलाखतीत कुणीतरी विचारतंच, मूल लहान आहे, जमेल का? रागावू नका आणि शपथाही घेऊ नका. कागद पुढे करा : पहिलं सत्र कोर्सवर्क, त्या वेळी मूल कुठे असेल, पुढचे अठरा महिने माहिती जमवणं, कोणत्या गावात, आठवड्यातले कोणते दिवस. असा कागद समोर आला की चर्चा मुलावरून विषयाकडे वळते, आणि मुलाखत खरी तिथून सुरू होते.

[दृश्य : नियमावलीचं पान. बोट एका ओळीवर थांबतं.]

२०२२ च्या नियमावलीतली ही ओळ प्रत्येक आईनं स्वतः वाचावी. पीएच.डी.च्या पूर्ण काळात स्त्री-संशोधकाला २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा किंवा बालसंगोपन रजा देता येते. बालसंगोपन हा शब्द तिथे आहे. म्हणजे प्रवेशाच्या वेळी मूल दोन वर्षांचं असलं तरी ही रजा मागता येते, ती फक्त बाळंतपणापुरती नाही. मुदतीचंही तसंच. किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणीनं आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन, अशी दहा वर्षं होतात. बदली किंवा लग्नामुळे गाव सुटलं, तर संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूदही त्यात आहे.

पण रजेच्या त्या ओळीत 'देता येते' असं आहे, 'दिलीच पाहिजे' असं नाही. रजा कोण मंजूर करतं, किती दिवस आधी अर्ज हवा, रजेच्या काळात फेलोशिप चालू राहते का, हे तुमच्या विद्यापीठाचे नियम ठरवतात. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी संशोधन विभागाला हे तीन प्रश्न ईमेलनं विचारा. खिडकीवर तोंडी मिळालेलं उत्तर माणूस बदलला की बदलतं.

नोंदणीपत्र मिळालं की त्यावरची तारीख तपासा. दहा वर्षांची मोजणी मात्र प्रवेशाच्या तारखेपासून होते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या फेलोशिपच्या अर्जांतही हेच पत्र मागतात. त्या पत्रावरचं नाव पदवीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा, आणि चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घ्या.