सकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा: अठराव्या वर्षी मिशनरी होणाऱ्या पोरांचा दिवस

नमस्कार मंडळी! तुमचं कुणी न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, लंडनला किंवा टोकियोत राहत असेल, तर त्यांना एक विचारून बघा. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला, अशी दोन पोरं कधी दारात उभी राहिली होती का? बरेच जण म्हणतील, "हो हो, आले होते, काहीतरी विकायला." तर ती पोरं सेल्समन नव्हती. आजचा व्हिडिओ त्यांच्याबद्दल.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना मिरजेचे डॉक्टर वॉनलेस आठवतील. 1889 मध्ये ते या भागात आले, 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं आणि अख्खं उमेदीचं आयुष्य इथंच घालवलं. ही पोरं त्या जातकुळीतली नाहीत. ती डॉक्टर नाहीत, शिकलेले पाद्रीही नाहीत. आपल्याकडे बारावी झालेली असतात ना, तेवढी त्यांची वयं. येतात, दोन वर्षं राहतात आणि घरी परत जाऊन कॉलेजला लागतात.

यांच्या चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जग त्यांना मॉर्मन म्हणतं, पण 2018 मध्ये चर्चच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी हे टोपणनाव वापरू नका असा आग्रह धरला. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हे चर्च सुरू केलं आणि आज त्याचं मुख्यालय यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला आहे. कॅथलिक आणि बरेच प्रोटेस्टंट लोक यांची शिकवण आपल्यातली मानत नाहीत. तो वाद मोठा आहे आणि आज मी त्यात शिरणार नाहीये.

आज बघायचाय तो यांचा रोजचा दिवस. जगभरात एका वेळी 70 हजारांहून जास्त तरुण हे करताहेत.

आधी जायचं कसं ते. 2012 मध्ये मुलांसाठी किमान वय 19 वरून 18 वर आणलं आणि मुलींसाठी 21 वरून 19 वर; 2025 मध्ये मुलींसाठीही ते 18 केलं. मुलं दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. अर्ज करायचा, वैद्यकीय तपासणी करायची आणि वाट बघायची. देश आपण निवडायचा नाही! पूर्वी घरी एक मोठा पांढरा लिफाफा यायचा आणि सगळ्या गोतावळ्यासमोर तो फोडायचा, अगदी बोर्डाचा निकाल लागावा तसा. आता निरोप ऑनलाइन येतो, गोतावळा मात्र तसाच जमतो. ब्राझील निघू शकतं, फिलिपिन्स निघू शकतं, नाहीतर शेजारचंच राज्य.

आणि पगार? शून्य. उलट पैसे हेच भरतात. अमेरिकेतल्या मुलांना जुलै 2020 पासून महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात, म्हणजे दोन वर्षांचे 12 हजार डॉलर. टोकियोला गेलात तरी तेवढेच आणि फिलिपिन्सच्या खेड्यात गेलात तरी तेवढेच, म्हणजे महागड्या शहराचा भार सगळ्यांवर सारखा वाटला जातो. कुणी शाळेत असताना सुट्टीत काम करून साठवतं, कुणाचे आईवडील देतात, कुणाला स्थानिक मंडळी हातभार लावतात.

मग प्रशिक्षण. यूटामध्ये प्रोव्हो नावाचं शहर आहे, तिथं मोठं केंद्र आहे. परकी भाषा शिकायची नसेल तर दोन-तीन आठवडे, शिकायची असेल तर साधारण सहा ते नऊ आठवडे. नऊ आठवड्यांत जपानी! अर्थात तेवढ्यात जपानी येत नाही. खरी भाषा कळते ती रस्त्यावर, लोक हसायला लागले की.

(स्क्रीनवर घड्याळ: 6:30)

आता दिवस. साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम. मग आंघोळ, नाश्ता आणि अभ्यास: एकट्यानं धर्मग्रंथांचा, मग जोडीनं, शिवाय भाषेचा. दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला खोलीवर, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून देशानुसार यात थोडी ढिलाई मिळाली आहे, पण ढाचा तोच. टीव्ही नाही, सिनेमा नाही, कुणाच्या प्रेमात पडायचं नाही. आठवड्यात एक दिवस 'पी-डे', म्हणजे प्रिपरेशन डे, तयारीचा दिवस, त्यात कपडे धुणं, बाजारहाट, घरी मेल आणि जमलंच तर बास्केटबॉल. तोही संध्याकाळी सहापर्यंत!

पण मला विचाराल तर यातलं काहीच खरं अवघड नाही. अवघड आहे जोडीदार.

या मुलांना एकटं राहायची परवानगीच नाही. बाथरूम सोडलं तर जोडीदार नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवा. तो जोडीदार वरिष्ठ ठरवून देतात, तुमचा मित्र नसतो, कधी तर देशसुद्धा वेगळा. तो घोरतो, तो ओट्यावर खरकटं ठेवतो, त्याला सकाळी सात वाजता गायचं असतं, आणि तुम्हाला दार आपटून बाहेर पडता येत नाही, कारण बाहेर पडलात तर त्यालाही यावं लागणार. लग्नात तरी ऑफिसला जायची सोय असते! दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. तेव्हा जोडी फुटते किंवा अजून सहा आठवडे टिकते. मला वाटतं, देवाधर्माच्या आधी या पोरांना तडजोड शिकवली जाते ती इथं.

दुसरी गोष्ट नकाराची. दारं वाजवायची, बसस्टॉपवर बोलायचं, हल्ली फेसबुकवरही लोक शोधायचे. बहुतेक उत्तर एकच: नको. मिट रॉम्नी आठवतात? 2012 मध्ये ओबामांविरुद्ध अध्यक्षपदासाठी उभे होते ते. ते 1966 ते 1968 फ्रान्समध्ये मिशनरी होते. विचार करा, वाइनच्या देशात दारू न पिणारा अमेरिकन पोरगा धर्म सांगत फिरतोय! तिथंच 1968 मध्ये मोटार अपघातात ते मरता मरता वाचले. जॉन हंट्समन तैवानला गेले, तिथं मॅंडरिन शिकले आणि पुढं चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. अशी उदाहरणं चर्चला आवडतात. पण दोन वर्षं दारं वाजवून एकाचाही बाप्तिस्मा न झालेली मुलंही असतात, आणि तीही त्याच शिस्तीत परत येतात.

सेवेचं काय? तीही आहे. मोफत इंग्रजी वर्ग, म्हाताऱ्या माणसांचं अंगण साफ करणं, कुणाचं घरसामान हलवणं, वादळानंतर पिवळी जॅकेटं घालून चिखल काढणं. हे मनापासून होतं, पण मुख्य काम धर्मप्रसार हेच, आणि ते तसं लपवतही नाहीत.

घरच्यांशी बोलणं? फेब्रुवारी 2019 पर्यंत आठवड्याला ईमेल आणि फोन वर्षातून फक्त दोनदा: ख्रिसमसला आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. हा नियम कुणी बदलायला लावला असेल, याचा मला अंदाज आहे. आयांनी.

आता माझं मत. मुलींसाठी मिशन ऐच्छिक आहे, मुलांसाठी मात्र चर्च ते कर्तव्य मानतं. यूटातल्या एखाद्या गावात, जिथं शेजारीपाजारी सगळे याच चर्चचे, तिथं अठरा वर्षांच्या पोराला 'मी जात नाही' म्हणणं किती सोपं असेल? आणि जो आजारपणामुळे किंवा मन खचल्यामुळे मध्येच परत येतो, त्याच्याकडे लोक कसे बघतात? 'स्वेच्छेनं जातात' हे वाक्य मी म्हणूनच जरा जपून वापरते. आणि जग किती बदललं यापेक्षा ती पोरं किती घट्ट झाली, यात चर्चचा जास्त फायदा आहे असं मला वाटतं. इतका घाम गाळून सांगितलेली गोष्ट माणूस सहज सोडत नाही.

शेवटी, परदेशात राहणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. ते दारात आले तर चहा-कॉफी विचारू नका, दोन्ही त्यांना वर्ज्य आहे. उन्हात सायकल मारून आलेले असतात, पाणी द्या, कोकम सरबत असेल तर उत्तमच. घरात एकटी बाई असेल तर ती मुलं आत येणार नाहीत, राग मानू नका, नियम आहे. आणि रस नसेल तर सरळ 'नको' म्हणा, त्यांना सवय आहे. आपल्या पद्धतीनं "बघू, पुढच्या आठवड्यात या" असं म्हणू नका. ते लिहून घेतात आणि पुढच्या आठवड्यात खरंच येतात.