टॉर्चचा उजेड आणि मुलाम्याचं सोनं

नमस्कार मंडळी. ऐकता ऐकता एक काम करा, मोबाइलचा टॉर्च लावा, खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्चवर बोट दाबून धरा. बोट लालभडक दिसतंय ना? टॉर्च तर पांढरा, मग लालच का? कारण बाकीचे रंग आतलं रक्त गिळून टाकतं, लाल तेवढा निसटून बाहेर येतो. आणि लालच्याही पुढे एक उजेड असतो जो डोळ्याला दिसतच नाही, इन्फ्रारेड, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्या जातीचा, तो मांसातून अजून आत जातो आणि जाताना फारसं काही बिघडवत नाही.

आता गंमत अशी की या उजेडानं कॅन्सरची गाठ भाजून काढायची म्हटलं, तर आत जाऊन तो करणार काय? त्याला पकडणारं कोणीतरी आत बसलेलं पाहिजे. अमेरिकेत ह्यूस्टनला राइस युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट या दोघींनी नेमका तो पकडणारा बनवला. आपल्याकडे वन ग्रॅम गोल्डचे दागिने मिळतात ना, आत भलताच धातू आणि वरून सोन्याचा मुलामा? अगदी तसंच. आत सिलिकाचा, म्हणजे वाळू ज्याची असते त्याच पदार्थाचा बारीक गोळा आणि वर सोन्याचं पातळ कवच, सगळं मिळून साधारण १५० नॅनोमीटर, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीत असे पाचेकशे कण ओळीने बसतील.

सोनंच का, तर सोन्याचा रंग आकारावर ठरतो. सराफाकडे पिवळं दिसणारं सोनं फार बारीक करून पाण्यात सोडलं की माणकासारखं लाल दिसतं, हे मायकेल फॅरेडेनं १८५७ मध्येच लिहून ठेवलंय. मग या दोघींनी मुलाम्याची जाडी कमीजास्त करून असं जमवलं की कण बरोब्बर तो न दिसणारा इन्फ्रारेडच पकडेल आणि पकडला की तापेल. २००३ मध्ये त्यांच्या टीमनं उंदरांच्या कॅन्सरच्या गाठीत हे कण सोडून बाहेरून त्याच इन्फ्रारेडचा लेसर मारला तर ४ ते ६ मिनिटांत गाठ सरासरी ३७ अंशांनी तापली, आणि जिथे कण नव्हते तिथे तोच लेसर मारूनही वाढ १० अंशांच्या आतच राहिली. मला यातला हा दुसरा आकडा जास्त आवडतो. नुसतं सोनं काही करत नाही, नुसता उजेडही फारसं काही करत नाही, दोघं एका जागी भेटले तरच काम होतं.

निदानाचंही तसंच. कणाचा आकार जरा बदलला की तो उजेड गिळण्याबरोबर परतही फेकतो, मग गाठ कॅमेऱ्यात उठून दिसते. २००७ मध्ये त्यांनी उंदरांवर एकाच कणानं आधी बघायचं आणि मग भाजायचं, दोन्ही करून दाखवलं.

माणसांचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ पेशंटवर ट्रायल झाली, निकाल २०१९ मध्ये आले. आधी सलाइनसारखं शिरेतून हे कण दिले, दुसऱ्या दिवशी सुईतून लेसरची बारीक फायबर थेट गाठीपर्यंत नेली. १६ पैकी १५ जणांत ते नीट पार पडलं, गंभीर त्रास कोणाला झाला नाही, लघवीच्या तक्रारीही वाढल्या नाहीत, आणि प्रोस्टेटच्या पेशंटला विचारा ही केवढी मोठी गोष्ट असते ते. पण १६ च माणसं, आणि आजार प्रोस्टेटपुरताच असलेली, हे विसरू नका.

आता अडचण सांगतो. कण शिरेतून सोडल्यावर गाठीत जातात कसे? गाठ घाईघाईत वाढते, तिच्या रक्तवाहिन्या म्हणजे निवडणुकीआधी उरकलेली पाइपलाइन, जागोजागी गळती, त्या गळतीतनं कण आत झिरपतात. ऐकायला छान आहे, पण टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सगळ्या प्रकारच्या नॅनोकणांवरचे दहा वर्षांचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा निघालं काय, तर दिलेल्या डोसपैकी जेमतेम ०.७ टक्के गाठीत पोचतो. दिल्लीतनं निघालेल्या रुपयातले १५ पैसे गावात पोचतात असं आपण ऐकत आलोय, इथे तर पुरता एक पैसाही नाही! बाकीचं बरंचसं लिव्हर आणि प्लीहा अडवून ठेवतात. म्हणून लेसर नेमका कुठे मारायचा याला एवढं महत्त्व.

परवा शेजारचे काका म्हणाले, मग सुवर्णभस्म खाल्लं तर? नाही हो काका. ते पोटातून जातं, त्याचा कण या लेसरसाठी जुळवलेला नसतो, आणि लेसरशिवाय तर हे कणही नुसते बसूनच राहतात.

बसून राहतात हीच पुढची काळजी, काम झाल्यावर हे सोनं शरीराबाहेर जायचं कसं? यावर आपल्या पवईच्या आयआयटीत रोहित श्रीवास्तव यांच्या टीमनं खारघरच्या ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्राबरोबर काम केलंय. त्यांनी आतला वाळूचा गोळाच काढून टाकला आणि त्याजागी लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाचा बारीकसा फुगा घेतला, मुलामा मात्र सोन्याचाच. लिव्हरच्या पेशींत गेला की हा कण तिथेच मोडतो आणि मग लिव्हर-किडनीवाटे बाहेर पडू शकतो. २०१५ मध्ये हे छापून आलं, तेही अजून उंदरांवरचंच. आता टॉर्च बंद करा, बॅटरी जाईल. नमस्कार.